तुझा प्रोग्राम आणि सर्जेराव मामांचा रुसवा

आष्टी, ता. परतूर, जि. जालना
आषाढातली दुपार, लाइट गेलेली

परममित्र राधेश्याम यास,

आमेरचा सलाम आणि नमस्कार, दोन्ही. लागेल तो ठेवून घे, उरलेला पुण्यात कुणाला तरी देऊन टाक. तब्येत कशी आहे? खुर्चीवर बसून बसून धरलेली पाठ सुटली का? अब्बा रोज तुझी चौकशी करतात आणि मी रोज "मजेत आहे" म्हणून सांगतो, कारण व्हॉट्सअ‍ॅपवर तू फक्त अंगठा पाठवतोस आणि त्या अंगठ्यावरून माणसाची एवढीच खबर कळते. म्हणून हे पत्र. कागदावर तुला अंगठा टाकता येणार नाही, टाकलास तरी तो इथपर्यंत दिसणार नाही. पत्र खुशालीचं आहे, घाबरून आधी शेवटचं पान उघडू नकोस. तुझ्या आईची, आमच्या पुष्पा काकूंची, तब्येत चांगली आहे, गुडघा सोडून. आकांक्षा सासरी, कुंभार पिंपळगावला, सुखात आहे. तुमच्या दारातला लिंबही बरा आहे, त्याला यंदा झोका बांधायचा आहे, आणि या झोक्याच्या दोरीवरच मी गेला महिनाभर लोंबकळतो आहे. त्याचं कारण तू आहेस. सावकाश सांगतो.

आमच्या स्टुडिओचा रिवाज तुला माहीत आहे, पण तू पुणेकर झालास म्हणून पुन्हा लिहितो. आपल्याकडं लग्न एक असलं तरी फिल्म दोन असतात, एक वधूकडची, एक वराकडची. वधूकडच्या फिल्ममध्ये नवरीची हळद लांबलचक आणि वरात दोन मिनिटांची. वराकडच्यात वरात संपता संपत नाही आणि नवरी एकदम मांडवातच उगवते. हे कुणी लिहून ठेवलेलं नाही, पण एकदा उलट झालं तर स्टुडिओ बंद करून घरी बसावं लागेल. आणि त्याहून पक्का नियम म्हणजे दोन्ही फिल्म दोन्ही घरांना एकाच वेळी मिळाल्या पाहिजेत. एकाला आधी, दुसऱ्याला नंतर, असं झालं की ज्याला नंतर मिळाली त्याचा मान गेला. कॅसेटच्या जमान्यात अब्बा दोन्हीकडच्या एकेका माणसाला दुकानात बोलवायचे, एकाच टेबलावर दोन कॅसेट ठेवायचे आणि दोघांना एकदमच उचलायला लावायचे. (कुणाचा हात आधी पडला यावरूनही एकदा कुरबूर झाली होती. तेव्हापासून अब्बा एक-दो-तीन म्हणायला लागले.)

आता कॅसेट गेली, लिंक आली. आणि मागच्या दिवाळीत तू आमच्या दुकानातल्या पलंगावर आडवा पडून, आमच्या थोरल्या शहाजादी आपानं पाठवलेले शीरकुर्म्याचे वाडगे रिकामे करत करत, मला तो प्रोग्राम लिहून दिलास. पायथॉनमध्ये. मी फोल्डर दाखवायचा, प्रोग्रामनं फिल्म बांधणारे कन्व्हर्टर सुरू करायचे, आणि ज्याची फिल्म तयार होईल त्याला आपोआप लिंक जायची. मला वाटलं, अल्लानं हातात सोनं दिलं. एक गोष्ट मात्र तू सांगितली नाहीस. तुझा प्रोग्राम कन्व्हर्टरला कामाला लावतो आणि लगेच हिरव्या अक्षरांत "काम झालं" असं लिहून मोकळा होतो. तो थांबत नाही, मागं वळून बघत नाही, लावलेला गडी काम करून राह्यला की बांधावर झोपला याची त्याला पर्वा नाही. मी खिडकी बंद केली तरी ते कन्व्हर्टर आतल्या आत चालूच असायचे. शटर ओढून घरी निघावं तर बंद दुकानातून कम्प्युटरचा पंखा गरगरताना ऐकू यायचा, आणि अब्बा म्हणायचे, "अंदर कोई रह गया क्या?"

तरी सगळं निभत होतं, कारण नशीब चांगलं होतं. ते नेमकं तुझ्या बहिणीच्या लग्नात संपलं.

आकांक्षाची फिल्म मी जीव ओतून कापली. (तिनं मला लहानपणापासून राखी बांधलेली आहे. मी तिच्या हळदीत शूटिंग करत होतो की डोळे पुसत होतो हे फूटेज हलल्यावरून कळतं.) मग फोल्डर दाखवला, हिरवी अक्षरं आली, मी निश्चिंत. वधूकडची फिल्म संध्याकाळी तयार झाली आणि तुझ्या शहाण्या प्रोग्रामनं लगेच काकूंना लिंक पाठवली. काकूंनी ती बेबीनंदा मावशीला पाठवली, मावशीनं स्टेटसला लावली, आणि दिवेलागणीला सगळी आष्टी जेवण सोडून तुमचं लग्न दुसऱ्यांदा बघत होती. वराकडची फिल्म? ती मेलेली. नवरदेवाच्या, भागवत दाजींच्या, मित्रानं वरातीची ड्रोनची जी क्लिप दिली होती ती अर्धीच कॉपी झालेली निघाली, कन्व्हर्टर तिच्यावर अडखळला आणि गप पडला. त्याचं मरण कुणाला कळलंच नाही, कारण त्याची वाट बघणारं प्रोग्राममध्ये कुणी नव्हतंच.

आता सर्जेराव मामा. तू त्यांना लग्नात पाहिलंस, केशरी फेटा, वडीगोद्रीला हायवेवर हार्डवेअरचं दुकान. भागवत दाजींचे वडील लवकर गेले, तेव्हापासून या मामांनीच भाच्याला वाढवलं, शिकवलं, मुलगी पसंत केली, लग्न उभं केलं. त्यांना वडीगोद्रीत गिऱ्हाइकानं मोबाइलवर कुणाच्या तरी स्टेटसमधून आपल्याच भाच्याचं लग्न दाखवलं. आणि ती वधूकडची फिल्म! मंगलाष्टकांच्या वेळी माझा कॅमेरा नवरीच्या बाजूला, त्यामुळं अंतरपाटाच्या वर मामांचा नुसता फेटा दिसतो. तोंड नाही. बापाच्या जागी उभा राहिलेला माणूस आणि अख्ख्या फिल्ममध्ये त्याचा नुसता फेटा. मला विचारशील तर त्यांचा राग खरा होता. दुसऱ्या दिवशी कुंभार पिंपळगावहून निरोप आला: मामा रुसलेत, आणि मामांचा रुसवा निघाल्याबिगर पोरगी पंचमीला माहेरी येणार न्हाई.

पहिली पंचमी, राधेश्याम. काकू फोनवर "बरं, बरं, तुमचं म्हणणं बराबर आहे" म्हणाल्या, फोन ठेवला, आणि झोक्यासाठी आणून ठेवलेली दोरी उचलून पुन्हा माळ्यावर टाकली. मी समोर होतो. त्यांनी मला एका शब्दानं बोल लावला नाही, वरून चहा दिला. तो चहा मला अजून उतरलेला नाही.

मी तुला फोन केला तो हा दिवस. तुला आठवत नसेल, तू मीटिंगमध्ये होतास. कुजबुजत म्हणालास, "भाऊ, ते स्ट्रक्चर्ड करून घे. एसिंक आहे, टास्कग्रुप आहे, त्यात सबप्रोसेस टाक," आणि कटलास. डॉक्टरनं चिठ्ठी खिडकीतून फेकावी तसं झालं. मी ती चिठ्ठी घेऊन बसलो. इंग्रजी वाचायला मारियाला धरलं (ती आता बी.एस्सी.ला आहे, भावाला शिकवताना तिला जो आनंद होतो तो भाऊ म्हणून मला बघवत नाही), आणि आम्ही हळूहळू एकेक वाक्य उलगडलं. एसिंक मला लवकर कळलं. अम्मी एकटी चुलीवरची चार भांडी बघते, एक उकळेपर्यंत दुसऱ्यात चमचा फिरवते, ते. सबप्रोसेस म्हणजे प्रोग्रामनं कामाला लावलेला गडी, आपला कन्व्हर्टर, हेही कळलं. टास्कग्रुप कळायला वेळ लागला. मारियानं तीनदा समजावलं, मी तीनदा मान हलवली. शेवटी तुमच्याच लग्नाची पंगत एडिट करताना डोक्यात उजेड पडला. पंगतीत सगळे एकदम बसतात, कुणी भरभर जेवतो, कुणी चावत बसतो, पण सगळ्यांचं झाल्याशिवाय पंगत उठत नाही. आणि कुणी एक जण ताट सारून रागानं उठला तर बाकीच्यांचेही हात जागच्या जागी थांबतात. बास. टास्कग्रुप म्हणजे पंगत. त्यात सुरू केलेलं काम त्यातच संपणार, एक बिघडलं तर बाकीची रद्द, आणि सगळ्यांचा निकाल लागल्याशिवाय प्रोग्राम त्या ओळीच्या पुढं पाऊल टाकणार नाही. हे आमच्या अब्बांचं टेबलच होतं की!

मी उत्साहात तुझा प्रोग्राम नव्यानं लिहिला. दोन्ही फिल्म एका गटात. शिवाय मामांसाठी खास नवीन आवृत्ती कापली: मामा फेटा बांधताना, मामा आहेर देताना, मामा जिलबीला नको म्हणताना, सगळं स्लो मोशनमध्ये. (मामा नको म्हणतात आणि घेतात, यामधला वेळ स्लो मोशनमध्ये बराच मोठा दिसतो. थोडा कापला.) वधूकडच्या फिल्ममध्येही मामांचं तोंड घातलं. दोन्ही घरांना शब्द दिला की या वेळी लिंक एकदम येईल. आणि चालू केलं.

वराकडची पुन्हा पडली. कारण बॅकअपमधून काढलेली ड्रोनची क्लिप ही त्याच अर्ध्या क्लिपची कॉपी निघाली. हरकत नाही, म्हटलं, आता पंगत आहे. प्रोग्रामनंही इमानदारीत लिहिलं: एक बिघडली, दुसरी रद्द. मी अल्लाचे आभार मानले आणि जेवायला गेलो. परत येतो तर काकूंचा फोन, "आमेर, लई छान झाली रे फिल्म, मामा कसे उठून दिसून राह्यले!" रद्द केलेली फिल्म पोचली कशी? मारियानं शोधून काढलं. प्रोग्रामनं रद्द केलं होतं ते कन्व्हर्टरची वाट बघणं. खुद्द कन्व्हर्टरला कुणी काही सांगितलंच नव्हतं. वाट बघणारा उठून गेला, पण आतला गडी आपला खाली मान घालून काम करतच राहिला, काम पुरं करून फिल्म लिंकच्या फोल्डरात ठेवून मगच गेला. आणि लिंक पाठवण्याचा तुझा जुना तुकडा मी तसाच ठेवला होता, तो फोल्डरवर टपून बसलेला. त्याला तर काय, फिल्म दिसली की पाठवायची. मामा दुसऱ्यांदा रुसले. पहिल्या वेळी निदान चुकून झालं म्हणता येत होतं, या वेळी मी शब्द देऊन त्यांना रुसवलं होतं.

मग मात्र मी नीट बसलो. दोन गोष्टी केल्या, त्या तू तुझ्या कंपनीतही करत असशील अशी आशा आहे. एक, रद्द व्हायची वेळ आली की आधी कन्व्हर्टरला थांबवायचं, नाही ऐकलं तर मारायचं, आणि मारूनही निघून जायचं नाही, तो खरंच गेला हे बघेपर्यंत तिथंच उभं राहायचं. दोन, लिंक पाठवण्याचं काम पंगतीच्या आत ठेवायचंच नाही. पंगत उठली, दोन्ही फिल्म शाबूत आहेत, मगच दोन्ही लिंक एकदम. हे झाल्यावर मी वडीगोद्रीला गेलो, मामांच्या दुकानात खिळ्यांच्या पोत्यावर बसलो आणि म्हणालो, मामा, या वेळी तुम्ही स्वतः येऊन बघा.

आणि मामा आले! अख्खी ड्रोनची क्लिप भाच्याच्या मित्राकडून पेनड्राइव्हवर घेऊन आले, फेटा बांधून आले. अब्बांनी त्यांना खुर्ची दिली, मी पडद्यावर दोन पट्ट्या दाखवल्या, वरची वधूकडची, खालची वराकडची.

"आमची खाली का म्हून?" मामा.

मी पट्ट्यांची जागा बदलली. (हाही बदल प्रोग्राममध्ये कायमचा ठेवला आहे, लग्नाप्रमाणं वरखाली करता येतो.) दोन्ही सरकायला लागल्या. मी पंगतीची गोष्ट सांगितली, मामा हूं हूं करत होते. मध्येच त्यांना वाटलं, आपली वस्तू दुसऱ्याच्या दुकानात अशी उघड्यावर नको, आणि त्यांनी शांतपणे पेनड्राइव्ह उपसून खिशात घातला. मी घाईत क्लिप कम्प्युटरवर उतरवून घेतलीच नव्हती, थेट पेनड्राइव्हवरून चालली होती. मग व्हायचं तेच झालं: मामांची पट्टी लाल. आणि त्याच क्षणी वधूकडची पट्टीही थांबली, लाल झाली, कन्व्हर्टर बंद, फोल्डर रिकामा, पंखासुद्धा शांत.

मामांनी दोन्ही पट्ट्यांकडं बघितलं. मग माझ्याकडं.

"आमचं थांबलं तं त्यांचं बी थांबलं?"

"होय मामा."

"कुणी थांबवलं? तू?"

"मी हात बी लावला न्हाई मामा. तसंच लिहिलंय ते."

"आन् आमचं व्हईस्तोवर त्यांचं जानार न्हाई?"

"बिलकुल न्हाई."

मामांनी खिशातून पेनड्राइव्ह काढला आणि म्हणाले, "फिरून लाव." मी लावला. पट्ट्या निघाल्या. मामांनी अर्ध्यात पुन्हा उपसला. दोन्ही लाल. जे हसू कॅमेऱ्यात मिळावं म्हणून मी लग्नात दिवसभर मामांच्या मागं फिरलो होतो, ते आता त्यांच्या तोंडावर आलं. त्यांनी बहिणीला, म्हणजे आकांक्षाच्या सासूला, व्हिडिओ कॉल लावला आणि तिलाही एकदा उपसून दाखवला. "बघ आक्का, आपल्याबिगर त्यांची फिल्म हालत न्हाई. मशिनीला बी मानपान कळून राह्यला." मी इतक्या मेहनतीनं जी फिल्म त्यांना दाखवणार होतो ती राहिली बाजूला, तिचं पडणंच त्यांना जास्त गोड लागलं. फिल्म मिळावी म्हणून हा माणूस रुसला नव्हताच. आपल्यासाठी कुणी थांबलं नाही, एवढंच त्याला लागलं होतं.

शेवटी मन भरल्यावर मामांनी पेनड्राइव्ह जागेवर राहू दिला, दोन्ही फिल्म पुऱ्या झाल्या, आणि दोन्ही घरांत फोन एकदम वाजले. अब्बा सवयीनं एक-दो-तीन म्हणाले. मामा चहा पिऊन निघताना पायरीवर थांबले, म्हणाले, "पंचमीला पोरगी येईल. सांग त्या माउलीला." मी पळतच तुमच्या घरी गेलो. काकूंनी आधी देवापुढं साखर ठेवली, मग माझ्या हातावर, आणि स्टूल मागितलं. दोरी माळ्यावरून मीच काढली.

तर असं सगळं गोड झालं आहे. प्रोग्राम उत्तम चालतो, शटर ओढल्यावर आत कुणी राहत नाही, आणि सर्जेराव मामांनी वडीगोद्रीची दोन लग्नं मला मिळवून दिली आहेत. पाठीला शेक देत जा. अब्बा आणि अम्मीच्या दुआ, मारियाचा सलाम.

तुझाच,
आमेर

ता.क. प्रोग्राम मुळात कुणी लिहिला हे मी मामांना सांगितलेलं नाही. माझाच म्हणून सांगितलं. पाहुण्यांत तुझं नाव अजून "मोठ्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर" असंच आहे, ते तसंच असू दे.

ता.क. दुसरा. मामांची एक अट लिहायची राहिली. मुराळी म्हणून पोरीचा भाऊ स्वतः घ्यायला आला पाहिजे. मी म्हणालो, मी येतो, मीही भाऊच आहे. मामा म्हणाले, "तू तं येच, जेवायला येच. पर त्यो कुठं हाय?" रजा टाक. परतूर स्टेशनावर गाडी घेऊन मी उभा असेन.

ता.क. तिसरा. हे पत्र काकूंनी लिहायला सांगितलेलं नाही. त्या म्हणतात, "त्याला कामं असतेत, कशाला बोलावून राह्यला उगं." रोज म्हणतात, आणि रोज त्याच्या पाठोपाठ विचारतात, पुण्याहून रातची गाडी सकाळी कवा लागती रे?

ता.क. शेवटचा. एक शॉट मी दोन्हीकडच्या फिल्ममधून काढून टाकला आहे. तुझ्या कंपनीचं काहीतरी कोसळलं म्हणून तू जेवणावळीतूनच जीपनं निघून गेलास, त्यानंतरची पाठवणी. बघणाऱ्याला वाटेल, गाडीत बसताना आकांक्षा कॅमेऱ्याकडं बघते आहे. कॅमेऱ्यामागं मी होतो, म्हणून मला माहीत आहे, ती माझ्या खांद्यावरून रस्त्याकडं बघत होती. कॅमेरा बंद करावा असं वाटण्याइतका वेळ बघत होती. तो शॉट मी कुणालाच पाठवणार नाही, तुलाही नाही. तू तिला घ्यायला ये.